निकम मास्तरांचं ऑलिंपिक

शिंप्याला माणूस तोंडावरून नाही, पाठीवरून कळतो. औंधात माझं दुकान होतं तेव्हा निम्म्या गावाच्या पाठी मी मापल्या. कारकुनाची पाठ वाकते, पैलवानाची मानेखाली फुगते, आणि ज्याच्या घरी सासू-सुनेचं रोज वाजतं त्याचे खांदे वर चढलेले असतात, टेप लावला तरी उतरत नाहीत. पण निकम मास्तरांसारखी पाठ मी दुसरी पाहिली नाही. मानेपासून कमरेपर्यंत सरळ उभी. कोट शिवताना मला तिथं कुठं मुरड घालावी लागली नाही.

लढाई संपल्यावर सेहेचाळीस साली हे गृहस्थ फौजेतून हवालदार म्हणून सुटले आणि शाळेत ड्रिलमास्तर म्हणून लागले. पहिल्याच दिवशी दुकानात आले ते खाकी हाफपँट शिवायला. माझ्याकडे गिऱ्हाइकासाठी एक लाकडी खुर्ची होती. तिच्यावर बसले, पण पुढच्या चार बोटांवर. मी म्हटलं, "आवं मास्तर, टेका की जरा. खुर्ची मजबूत हाय."

"खुर्ची आसंल मजबूत," मास्तर म्हणाले, "पर पैलवानानं पाठ टेकायची ती एकदाच, अण्णा. चौघांनी उचलल्यावर."

मला वाटलं, फौजी माणूस, बढाई मारतोय. पण पुढं दोन वर्षं रोज संध्याकाळी ते दुकानात येऊन बसत आणि एकदाही टेकले नाहीत. झोपतातसुद्धा कुशीवर, असं निकम वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं. "पाळण्यात तरी उताने निजत होते का, कुणाला ठावं," असं म्हणून दोघी खूप हसल्या.

दुकानात यायचं कारण म्हणजे वर्तमानपत्र. औंधाला ते एक दिवस शिळं होऊन यायचं आणि माझ्या कातरीखालून निघाल्याशिवाय गावात जायचं नाही. सातवी पास होतो, मोठ्यानं वाचायची हौस होती. मास्तर आल्याबरोबर म्हणत, "मागलं पान." मी म्हणे, अहो, देशात काय चाललंय ते आधी ऐका. स्वराज्य यायला लागलंय, फाळणी होतेय. त्यावर मास्तरांचं ठरलेलं उत्तर, "त्ये हुईल. आधी ऑलिंपिकचं बगा."

ऑलिंपिक हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तसा औंधात व्यायामाला तोटा नव्हता. सगळं संस्थान सूर्यनमस्कार घालायचं, माझ्यासारख्या आळशालाही ते चुकले नाहीत. पण दर चार वर्षांनी सगळे देश एका गावात जमतात, धावतात, पोहतात, कुस्त्या करतात, आणि जो जिंकतो त्याच्या देशाचा झेंडा चढवतात, ही हकीकत आम्हाला नवी होती. मास्तरांना ती तोंडपाठ. अँटवर्पला आपली मंडळी पहिल्यांदा गेली, त्यात आपल्याच बाजूचा एक पैलवान होता आणि त्याचं पदक थोडक्यात हुकलं. मग हॉकीत तीनदा सोनं, अ‍ॅमस्टरडॅम, लॉस एंजेलिस, बर्लिन. एवढं सांगून झालं की आवाज खाली यायचा. "पर झेंडा सायबाचा, अण्णा. पोरं आपली, काठ्या आपल्या, सोनं आपलं, आन वर चढणार त्येचं फडकं."

शाळेत ड्रिलला ते एक-दोन-एक-दोन म्हणत नसत. पोरांना पाय आपटत ऑलिंपिकची गावं म्हणायला लावत. "अँटवर्प! पॅरिस! अ‍ॅमस्टरडॅम!" असा गजर चालायचा. यमाईच्या डोंगराला निघालेल्या एका म्हातारीनं कुंपणाशी थांबून हात जोडले आणि मला विचारलं, "ही कुठली आरती रं, अण्णा?" मी म्हटलं, "नवी हाय आजी, फौजेतली." तिनं तिथूनच पोरांना आशीर्वाद दिला.

एवढं वेड कशापायी, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा मी चेष्टेत म्हटलं, "मास्तर, तुमाला काय आवतन आलं हुतं का ऑलिंपिकचं?" मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "आलं हुतं." लढाईच्या आधी पलटणीत ते पहिले पैलवान होते. साहेबानं सांगितलं होतं, चाळीस साली ऑलिंपिक आहे, निवडीच्या कुस्त्यांना तुला धाडतो, तयार राहा. तयारी केली आणि लढाई लागली. चाळीसचं ऑलिंपिक बुडालं. चव्वेचाळीसचंही बुडालं, तेव्हा ते इटलीत चिखलात पडले होते. "सव्वीसाव्या वर्साचं एक आन तिसाव्या वर्साचं एक. दोन ऑलिंपिक लढाईनं खाल्ली माजी," ते म्हणाले. आता अठ्ठेचाळीस साली लंडनला भरणार होतं, आणि मास्तर चौतिशीला टेकणार होते. त्या वयाला आमच्याकडे पैलवान लंगोट खुंटीला लावून पोरांना शिकवतो, यात्रेत पंच म्हणून फेटा बांधून बसतो.

"ह्या खेपंला जानार," मास्तर म्हणाले. "आपला झेंडा पयल्यांदाच जातोय. त्येच्या मागनं मी चालणार."

खरं सांगतो, मला हसू आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून ते मी गिळलं.

मग सुरू झालं गादी-पुराण. ऑलिंपिकची कुस्ती मातीत नसते, गादीवर असते. औंधात गादी कुठली? मास्तरांनी साताऱ्याहून फौजेच्या जुन्या तंबूचं कापड आणलं आणि माझ्यापुढं टाकलं. "शिवा." आत काय भरायचं? आधी उसाचं पाचट भरलं. पहिल्याच दिवशी दोन पोरांच्या पाठी सोलून निघाल्या. मग मास्तरांनी घरोघर जाऊन प्रत्येकाच्या अंथरुणाच्या गादीतला एक मूठ कापूस मागितला. घरटी एक मूठ. कुणी नाही म्हटलं नाही. मास्तर दारात उभे राहिले की नाही म्हणणं अवघडच होतं. कापूस जमला, आणि त्याबरोबर अख्ख्या औंधाचे ढेकूणही जमले. पंधरा दिवस तालमीतली पोरं डाव टाकायच्या आधी खाजवत. जुने वस्ताद कट्ट्यावर बसून दात काढायचे, "गादीवर मान्सं झोपत्यात, निकम! कुस्ती मातीत हुती." मास्तर म्हणायचे, "मातीतल्यांची नावं मातीतच ऱ्हायली, आबा."

त्या गादीवर त्यांना जोडीला मिळाला बिरा मेटकरी. आटपाडीकडचा धनगर. तिकडच्या कोरड्या माळावर मेंढरांमागं धावून धावून पाय असे झाले होते की विजार शिवताना मी मांडीचं माप दोनदा घेतलं. वय वीस, बोलणं शून्य. आटपाडीच्या यात्रेत मास्तरांनी त्याची कुस्ती पाहिली आणि तिथल्या तिथं त्याच्या बापाला म्हणाले, "ह्यो मला द्या. दोन वर्सांनी देशाचा करून परत देतो." बाप म्हणाला, "न्या, पर खातो लय." तेव्हापासून बिरा मास्तरांच्या घरी. वहिनींनी त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं.

बिराला मास्तर एक गोष्ट जपासारखी शिकवत, "पंचाची शिट्टी वाजंस्तवर छाती सोडायची न्हाई." कारण मातीतली रीत निराळी. आमच्याकडे पाठ लागली की हजार माणसं एकदम बघतात. हलगी कडाडते, फेटे उडतात, जिंकलेला उडी मारून उभा राहतो आणि आधी वस्तादाचे पाय धरतो. पंचाला विचारतो कोण? गादीवर मात्र पंचानं पाहिलं तरच पाठ लागली.

हे मास्तर फुकट शिकले नव्हते. मिसर देशात छावणीत एका गोऱ्याशी कुस्ती लागली होती. मास्तरांनी त्याला उताणा पाडला, मराठे ओरडले, आणि मास्तर सवयीनं उडी मारून सुभेदाराला मुजरा करायला वळले. पंच त्या वेळी पलीकडच्या अंगाला होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. गोरा मागनं उठला, कमरेला मिठी घातली आणि मास्तरांची पाठ लावली. शिट्टी वाजली ती तेव्हा.

मी तावातावानं म्हटलं, "लबाड लेकाचा!"

"लबाडी न्हवं, अण्णा. कायदा त्येच्या बाजूचा हुता, इसरलो म्या." आणि म्हणाले, "पर त्येची पाठ लागल्याली त्येला ठावं हुतं. त्यो माज्याकडं बगत न्हवता नंतर."

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला सांगलीला निवडीच्या कुस्त्या ठरल्या. आमच्या बाजूची मंडळी तिथं निवडायची, मग ती देशाच्या निवडीला आणि तिथून लंडनला. एका वजनाला एकच माणूस. मास्तरांचा हिशेब पक्का होता. आपण वरच्या वजनात, बिरा खालच्या वजनात, दोघं जिंकू, दोघं जाऊ. दोन महिने त्यांनी स्वतःला असं घासलं की माझ्याकडे दर सोमवारी कंबर मापायला यायचे आणि टेप अर्धं बोट आत आला की पोरासारखे खूश व्हायचे. पहाटे डोंगर चढायचे, दुपारी ड्रिल, संध्याकाळी गादी. चौतीस वर्षांचा माणूस! वहिनी एकदा रागानं म्हणाल्या, "पोरांनी जायाचं तिथं ह्यांना कशाला?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच बदाम वाटून दिले.

सांगलीला मीही गेलो. माझी थोरली बहीण, आक्का, जवळच कुपवाडात दिलेली, तिच्या घरी आम्ही तिघं उतरलो. आणि इथं मी जी माती खाल्ली ती आजही आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सकाळी मास्तर नावं नोंदवायला म्हणून लवकर पुढं गेले. आक्काची म्हैस नुकतीच व्यालेली. तिनं बिराकडं पाहिलं, आज कुस्ती आहे हे कळलं, आणि पैलवानाला उपाशी धाडायचं तर आमच्या मुलखात पाप. तिनं तांब्या भरून दूध आणलं, वर गुळाचा खडा. बिरानं माझ्याकडं पाहिलं. मी शहाणा म्हणालो, "पी गड्या. आज तर प्यायलाच पायजे." त्यानं एक तांब्या प्यायला. आक्कानं दुसरा भरला. यात्रेत कधी काटा असतो का? तिथं दोन पोरं शेजारी उभी करतात, हात फिरवून बघतात आणि म्हणतात, जोड बरोबर हाय. वजन करतात हे मला सांगितलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

सांगलीत मांडवाच्या दाराशी काटा. बिरा चढला आणि काटा पुढं गेला. फार नाही, पण गेला. कारकून म्हणाला, "खालच्या वजनात बसत नाही. वरच्यात घाला."

मास्तरांनी बिराला विचारलं, "काय खाल्लंस?" त्यानं माझं नाव सांगितलं नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार. मीच पुढं झालो, "मास्तर, दूध... मीच पी म्हनलो." मास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता पाठीचं नाही, माझ्या तिरडीचं माप निघतंय. मग एकदम हसले. "किती तांबे?" म्हणाले. "दोन," मी म्हटलं. "म्हशीला शिंगं सोन्याची करा. चांगली हाय." आणि बिराचं नाव आपल्या नावाखाली लिहून घेतलं.

दिवसभर कुस्त्या झाल्या. मास्तरांनी दोन काढल्या, बिरानं दोन काढल्या, आणि चार वाजता उरले ते हेच दोघं. जो जिंकेल तो पुढं जाणार, हरणारा औंधाला परत.

बिरा मांडवामागं येऊन बसला आणि पायातले बूट सोडायला लागला. "म्या न्हाई लढत. वस्तादाच्या अंगाला हात लावायचा न्हाई." आमच्याकडे हे असंच आहे, ज्यानं शिकवलं त्याच्या पाठीला माती लावणारा पोरगा गावात तोंड दाखवू शकत नाही. मीही म्हटलं, "खरं हाय त्येचं, मास्तर."

"काय खरं हाय?" मास्तर कडाडले. "बिरा, वर बग. मला लंडनला जायाचंय. आठ वर्सं थांबलोय मी. तुला सोडनार न्हाई, फोडून काडीन. आन तू मला सोडलंस, हात ढिला टाकलास, तर परत माज्या उंबऱ्यात पाय ठेवू नगंस. खोट्या कुस्तीवर झेंड्यामागं चालू व्हय म्या?" मग खाली बसून त्यांनी स्वतःच्या हातानं बिराच्या बुटाची नाडी बांधली. "उठ."

मी कुणाच्या बाजूनं होतो म्हणाल, तर मास्तरांच्या. उघड सांगतो. बिराला अजून तीन ऑलिंपिकं होती. मास्तरांना हे एकच.

कुस्ती सुरू झाली आणि पहिल्या दोन मिनिटांत कळलं की कुणीही कुणाला सोडत नाहीय. मास्तरांनी बिराला दोनदा खाली घेतला. बिरा दोन्ही वेळा मानेवर कमान करून सुटला. मांडवात आवाज थांबला होता. सगळ्या सांगलीला तोवर कळलं होतं की ही वस्ताद-चेल्याची जोड आहे. मास्तरांचा श्वास मला बाहेर ऐकू येत होता. त्यांच्या मांडीचा स्नायू थरथरायला लागला, तो मी पाहिला, बिरानंही पाहिला असणार. सातव्या-आठव्या मिनिटाला मास्तर आत शिरायला गेले आणि बिरानं ढाक मारली. खुद्द मास्तरांनी शिकवलेली, त्यांचा आवडता डाव. मास्तर हवेत गेले आणि पाठीवर आले. सपशेल. दोन्ही खांदे गादीला.

आणि बिरा उडी मारून उठला, वळला, मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

शिट्टी वाजलीच नव्हती!

पुण्याहून आलेले पंच, पांढरी विजार घातलेले भले गृहस्थ, त्या क्षणाला बिराच्या पाठीमागं होते. गुडघ्यावर बसून बघायला वळेपर्यंत बिरा सुटून बाजूला झाला होता. त्यांना दिसलं ते एवढंच, की एक पैलवान पडलाय आणि दुसरा त्याच्या पायाशी वाकून पाठ उघडी टाकून बसलाय. त्यांनी हात हलवला, "चालू! कुस्ती चालू!"

माझ्या डोळ्यापुढं मिसरातला गोरा उभा राहिला. आणि लाज वाटते सांगायला, पण मी ओरडलो. "उठा मास्तर! घ्या त्येला!" घशाच्या शिरा ताणून ओरडलो. माझ्यामागं दहा-वीस जण ओरडले. बिराचं डोकं त्यांच्या पावलांवर होतं, मान वाकलेली. मास्तरांनी नुसता हात घातला असता तर लंडन त्यांचं होतं.

मास्तर उठले नाहीत. हात पसरून मांडवाच्या कापडाकडं बघत तसेच पडून राहिले. खुर्चीला ज्यानं कधी पाठ टेकली नाही तो माणूस हजार लोकांपुढं उताणा पडला होता, आणि हलत नव्हता.

पंच जवळ आले. "उठा हो. मी शिट्टी दिलेली नाही."

"मारा आता शिट्टी," मास्तर पडल्या पडल्या म्हणाले. "पाठ लागली, सायेब."

"मी पाहिलं नाही ते."

"तुमी न्हाई पाह्यलं. पर पाठ माजी हाय न्हवं? तिला कळलंय."

पंचांनी दुसऱ्या पंचांकडं पाहिलं. काहीतरी कुजबुज झाली. "तुम्ही हार कबूल करताय?" त्यांनी विचारलं. "कबूल कशाची करतोय, हरलोयच," मास्तर म्हणाले. तेव्हा शिट्टी वाजली. ती वाजल्यावरच मास्तर उठले, अंग झटकलं, आणि समोर उभ्या बिराच्या कानाखाली अशी एक ठेवून दिली की मांडवाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला.

"शिट्टीअगुदर छाती सोडलीस! दोन वर्सं काय शिकवलं रं तुला? लंडनात पाया पडशील त्या गोऱ्याच्या?" आणि दुसऱ्या क्षणाला वाकून त्यांनी त्या बावीस वर्षांच्या धोंड्याला खांद्यावर उचलून घेतलं. मांडवाभोवती पळायला लागले. अहो, काय सांगू! हलगीवाल्यानं ठेका धरला. लोक बाकांवर चढले. कुणीतरी मास्तरांच्या डोक्यावर आपला फेटा टाकला. बिरा वर बसून ढसाढसा रडत होता आणि मास्तर खाली ओरडत होते, "बगा! ह्येनं पाडलं मला! म्या तयार केलाय! निकमाला पाडणारा निकमानं तयार केलाय!"

पुण्याचे पंच चष्मा पुसत होते. मला जवळ बघून म्हणाले, "कोण हे?" मी म्हटलं, "आमचे ड्रिलमास्तर." माझी छाती एवढी फुगली होती की शर्टाची बटणं धरून उभा राहिलो.

पुढं बिरा देशाच्या निवडीतही जिंकला आणि बोटीनं लंडनला गेला. तोवर औंध संस्थान विलीन झालं होतं, पोलिसांच्या गणवेशांचं माझं बांधलेलं काम गेलं, आणि मी सांगलीला दुकान हलवायचं ठरवलं. तरी बिराचं होईपर्यंत थांबलो. ऑगस्टाच्या तोंडाला रोज दुकानापुढं गर्दी. बिरानं पहिली कुस्ती काढली, दुसरी काढली. तिसऱ्या कुस्तीत पंचांच्या मतानं हरला. पदक नाही. गर्दी हळहळली. मास्तर म्हणाले, "दोन काढल्या. दोन! पाठ लागली का त्येची?" मी वाचून म्हटलं, "न्हाई, पंचांच्या मतावर हरला." "मग पेढे वाटा," मास्तर म्हणाले, आणि वाटले.

पंधरवडा व्हायच्या आत हॉकीची बातमी आली. सोनं. अंतिम सामना साहेबाशीच, साहेबाच्या गावात, चार गोल, त्याला एकही नाही. स्वातंत्र्याला वर्ष पुरं व्हायला एक दिवस राहिला होता. मी वाचलं, "भारताचा तिरंगा लंडनमध्ये चढला." मास्तरांनी मला ते वाक्य पाच वेळा वाचायला लावलं. नंतर पेपर हातात घेऊन स्वतः वाचलं, आणि खुर्चीवरून उठून दुकानातच सावधानमध्ये उभे राहिले. गिऱ्हाइकंही उभी राहिली. कोपऱ्यात एक म्हातारा फाटलेलं धोतर शिवून घ्यायला आला होता, तोही उठला, का ते न कळता.

बिरा परतला तेव्हा रहिमतपूर स्टेशनावर सगळं औंध गेलं होतं. आटपाडीची धनगरं ढोल घेऊन आली होती. गुलालात माणूस ओळखू येत नव्हता. त्याच आठवड्यात माझं सामान गाडीत भरायचं होतं. निघायच्या दिवशी सकाळी मास्तरांचा निरोप आला, टेप-कातरी टाका आणि शाळेच्या मैदानावर या.

गेलो. मास्तर बिराला खोदून खोदून विचारत होते. कुस्त्यांचं नाही, उद्घाटनाच्या संचलनाचं.

"आत शिरलास तवा कितव्या रांगंत हुतास?"

"मागनं दुसऱ्या, वस्ताद. उजव्या अंगाला."

"शेजारी कोण?"

"हुता एकजण, पळणारा. बाहेरच्या अंगाला मोकळंच हुतं."

"आन विलायतेचा राजा कुठं बसल्याला?"

"उजवीकडं, वर."

मास्तरांनी शाळेची सगळी पोरं रांगेत उभी केली. एका उंच पोराच्या हातात तिरंगा दिला, पुढं काढला. बिराला सांगितलं, "तुज्या जाग्यावर जा. हुकूम तू सोडायचा." बिरा मागून दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला. मग मास्तर माझ्याकडं वळले. "अण्णा, तुमी राजा."

"मी?"

"उजव्या अंगाला बसा. तिकडं, टेबलावर."

गळ्यात टेप, कानावर खडू, अंगात स्टेशनावरचा गुलाल अजून न गेलेला सदरा. असा राजा होऊन मी शाळेच्या टेबलावर बसलो. पोरं हसायला लागली, पण मास्तरांनी नुसतं पाहिलं आणि ती गप्प झाली. मग जो माणूस दोन वर्षं रांगेबाहेर उभा राहून हुकूम सोडायचा, तो रांगेत शिरला. बिराच्या उजव्या हाताला, मोकळ्या जागेत. कोटाची बटणं लावली, मान वर केली.

बिरानं हुकूम सोडला. झेंडा हलला, पोरं निघाली. धूळ उडाली. मैदानाला वळसा घालून रांगा माझ्यासमोर आल्या तेव्हा बिरा ओरडला, "दाहिने देख!" सगळ्या माना एका झटक्यात माझ्याकडं वळल्या. मास्तरांचीही वळली. ते माझ्याकडं बघत होते, पण त्या नजरेत मी नव्हतो, औंधही नव्हतं. गालावरून पाणी चाललं होतं आणि हात पुसायला वर येत नव्हता, कारण चालताना हात हलवायचा असतो तसा तो हलत होता, पायाला पाय मिळवून.

राजा काय करतो मला ठाऊक नव्हतं. मी टेबलावरून उतरलो आणि सलाम ठोकला. त्यांच्या मागच्या रांगेतलं शेवटचं पोर पुढं जाईपर्यंत हात खाली घेतला नाही.